लक्षण कशाला म्हणावे? पृष्ठवंशी प्राण्यांचे वर्ग आणि मानवाची एकता

दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातील 'प्राण्यांचे वर्गीकरण' हे प्रकरण बहुतेक मुले पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. मत्स्य, उभयचर, सरीसृप, पक्षी, सस्तन ही नावे तोंडात राहतात. त्या नावांमागे उभी असलेली विचारपद्धती मात्र हातातून निसटते. आपल्या निवासी शाळेच्या या स्मरणिकेसाठी आम्ही मुद्दाम हाच विषय निवडला आहे. इतिहास शिकविणाऱ्याने प्राणिशास्त्रात का शिरावे, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर लेखाच्या ओघात मिळेल. तूर्त एवढेच सांगतो की, बेडूक आणि सरडा यांत भेद कोणता, हा प्रश्न आणि माणसामाणसांत भेद कोणता, हा प्रश्न एकाच पद्धतीने सोडवावे लागतात. ज्याला पहिला नीट सोडविता आला, त्याला दुसऱ्यात सहसा कोणी फसवू शकत नाही.

नाव आणि लक्षण

आपल्या गावाचे नाव पाली. तथागतांची वचने ज्या भाषेत जतन झाली, तिचेही नाव पाली. वसतिगृहाच्या भिंतीवर दिव्याभोवती किडे टिपणाऱ्या जिवांचेही अनेकवचन पालीच. नाव एक असले म्हणून वस्तू एक होत नाही, हे लहान मुलालाही कळते. परंतु प्राण्यांच्या बाबतीत मोठी माणसेही नावाला भुलतात. देवमासा हा मासा नाही. तो पिलांना दूध पाजणारा सस्तन प्राणी आहे. तारामासा हाही मासा नाही. त्याला पाठीचा कणाच नाही. सह्याद्रीच्या ओल्या मातीत आढळणारे देवगांडूळ हे गांडूळ नव्हे. तो पाय नसलेला उभयचर असून त्याला चांगला कणा आहे. खवल्या मांजराच्या अंगावर खवले आहेत आणि नावात मांजर आहे. पण ते सरीसृपही नाही आणि मांजरही नाही.

म्हणून शास्त्राचा पहिला नियम असा : नाव बाजूला ठेवा, लक्षण पाहा. लक्षण म्हणजे त्या प्राण्याच्या देहात असलेली, कोणीही तपासून पाहू शकेल अशी आणि त्या गटातील सर्वांना लागू पडणारी खूण. राजाने सांगितली, पुरोहिताने सांगितली किंवा गुरुजींनी सांगितली म्हणून खूण ठरत नाही. ती डोळ्यांना दिसली पाहिजे, हाताला लागली पाहिजे आणि दुसऱ्याने तपासली तरी तीच निघाली पाहिजे.

कणा असलेल्यांचे कुळ

आजवर शास्त्रज्ञांनी नोंदविलेल्या प्राण्यांच्या प्रजाती सुमारे १५ लाख आहेत. त्यांतील फार मोठा भाग कीटकांचा आहे. पाठीचा कणा असलेल्या, म्हणजे पृष्ठवंशी प्राण्यांच्या प्रजाती ७० हजारांहून काहीशा अधिक भरतात. संख्येने हे कुळ लहान, पण देहरचनेने मोठे वैशिष्ट्यपूर्ण आहे.

गर्भावस्थेत या सर्वांच्या पाठीत एक लवचिक दोरीसारखा आधार असतो. त्याला पृष्ठरज्जू म्हणतात. पुढे बहुतेकांत त्याची जागा मणक्यांची माळ घेते आणि त्या माळेच्या पोकळीतून चेतारज्जू सुरक्षित जातो. मेंदूभोवती कवटीचे संरक्षण असते. माणसाच्या कण्यात ३३ मणके असतात. त्यांतील खालचे काही प्रौढपणी एकमेकांत जुळून जातात. सापाच्या कण्यात दोनशे ते चारशेपर्यंत मणके असतात, म्हणूनच तो इतका लीलया वळतो. मोजमाप वेगळे, आराखडा मात्र एकच.

पाठ्यपुस्तकात या उपसंघाचे सहा वर्ग दिले आहेत. त्यांतील पहिला चक्रमुखींचा. पेट्रोमायझॉनसारख्या या थोड्या प्राण्यांना जबडा नसतो. गोल, चोषण करणारे तोंड असते. हे आपल्याकडे पाहावयास मिळत नाहीत. उरलेले पाचही वर्ग मात्र आपल्या बिंदुसरेच्या काठी आणि बालाघाटाच्या डोंगररांगांत भेटतात. त्यांचा परिचय करून घेऊ.

मत्स्य

बिंदुसरा बालाघाटात उगम पावते, बीड शहरातून वाहते आणि सिंदफणेला मिळून गोदावरीकडे जाते. पालीजवळच्या धरणात पाणी असते तेव्हा रोहू, कटला, मरळ बाजारात येतात. त्यांतील एखादा मासा हातात घेऊन पाहावा. देह दोन्ही टोकांना निमुळता असतो, त्यामुळे पाण्याचा विरोध कमी होतो. अंगावर खवले, पोहण्यासाठी पर आणि दिशा बदलण्यासाठी शेपटीचा पर असतो. श्वसन कल्ल्यांनी होते : तोंडाने घेतलेले पाणी कल्ल्यांवरून जाते आणि त्यातील विरघळलेला ऑक्सिजन रक्तात मिसळतो. हृदयाला दोनच कप्पे असतात. मासे शीतरक्ती असतात, म्हणजे भोवतालच्या पाण्याप्रमाणे त्यांच्या शरीराचे तापमान बदलते. रोहू-कटल्याचा सांगाडा हाडांचा, तर समुद्रातील शार्कचा सांगाडा कूर्चेचा असतो.

मरळ हा मासा मुलांना विशेष दाखविण्यासारखा आहे. कल्ले असूनही तो पाण्याच्या पृष्ठभागावर येऊन हवा घेतो. म्हणून डबके आटत आले आणि पाण्यातील ऑक्सिजन कमी झाला, तरी तो इतर माशांपेक्षा अधिक काळ तग धरतो. दुष्काळी जिल्ह्याला शोभेल असाच हा मासा आहे.

उभयचर

उभयचर म्हणजे पाणी आणि जमीन या दोहोंत जगणारा. बेडकाचे पिलू पाण्यात जन्मते. त्याला शेपटी असते आणि ते कल्ल्यांनी श्वास घेते. पुढे शेपटी जाते, पाय फुटतात, फुप्फुसे तयार होतात. मोठा बेडूक फुप्फुसांबरोबर त्वचेनेही श्वसन करतो. म्हणून त्याची त्वचा सतत ओलसर राहावी लागते आणि तिच्यावर खवले नसतात. त्याला मान नसते आणि बाहेरचा कान नसतो. डोळ्यामागे कानाचा गोल पडदा तेवढा दिसतो. हृदय तीन कप्प्यांचे असते. अंड्यांना कवच नसल्यामुळे ती पाण्यातच घालावी लागतात.

आठ महिने कोरडे असलेल्या आपल्या शिवारात पहिल्या मोठ्या पावसानंतर इतके बेडूक एकाएकी कोठून येतात? ते आकाशातून पडत नाहीत. उन्हाळाभर ते ओलाव्याच्या आश्रयाने जमिनीत गाढ विसावलेले असतात. यालाच ग्रीष्मनिद्रा म्हणतात. पाऊस पडला की ते प्रजननासाठी बाहेर येतात. मोठ्या जातीच्या बेडकांचे नर या दिवसांत पिवळेधमक होतात. बेडूक पिकांवरील कीटक फस्त करतो. एके काळी आपल्या देशातून बेडकांच्या तंगड्यांची मोठी निर्यात होत असे. भारताने ती १९८७ मध्ये थांबविली. कीटक खाणारा नाहीसा झाला की पिकाचा भक्षक वाढतो, हा हिशेब त्यामागे होता.

सरीसृप

सरडा, पाल, घोरपड, कासव, साप आणि मगर हे सरीसृप. यांची त्वचा कोरडी आणि खवलेयुक्त असते. श्वसन केवळ फुप्फुसांनी होते. डोके आणि धड यांच्यामध्ये मान असते. पाय असल्यास बोटांना नखे असतात. अंड्यांना कवच असते, त्यामुळे ती जमिनीवर घालता येतात. कवचाचे अंडे हा प्राणिजीवनाच्या इतिहासातील फार मोठा टप्पा होय, कारण त्यामुळे प्रजननासाठी पाण्यात परत जाण्याची सक्ती संपली. बेडूक आणि सरडा यांतील खरा भेद येथे आहे. सरीसृपही शीतरक्तीच असतात. त्यांचे हृदय बहुधा तीन कप्प्यांचे, तर मगरीचे चार कप्प्यांचे असते.

सापाविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आम्हांस आवश्यक वाटते, कारण येथे लक्षणांचे ज्ञान जीव वाचविते. भारतात सापांच्या तीनशेहून अधिक प्रजाती आहेत. त्यांतील बहुसंख्य बिनविषारी. आपल्या भागातील माणसांचे मृत्यू मुख्यतः चार विषारी सापांमुळे होतात : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. धामण ही उंदीर खाणारी आणि पूर्णतः बिनविषारी आहे, तरी लांबीमुळे नाग समजून ती मारली जाते. २००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मृत्यू पावली, असा संशोधकांचा अंदाज आहे. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. हे मृत्यू ग्रामीण भागात अधिक, आणि शेतात राबणाऱ्या व जमिनीवर झोपणाऱ्या गरिबांच्या घरांत अधिक.

बीड हा ऊसतोड मजुरांचा जिल्हा आहे. दसरा-दिवाळीनंतर घरातील कर्ती माणसे कारखान्यांच्या भागात जातात आणि उसाच्या फडाजवळ कोप्या घालून राहतात. कोपीत खाट कोठून असणार? अंथरूण जमिनीवरच पडते. मण्यार रात्री हिंडते. तिचे दात बारीक असल्याने दंश पुष्कळदा जाणवतही नाही आणि खूणही दिसत नाही. झोपेतून उठल्यावर पोटात दुखणे, पापण्या जड होऊन मिटणे, गिळता न येणे, बोबडी वळणे ही चिन्हे दिसली, तर 'बाहेरची बाधा' म्हणून वेळ घालवू नये. तो मण्यारीचा दंश असू शकतो.

अशा वेळी काय करावे? रोग्याला धीर द्यावा. दंश झालेला हात किंवा पाय, मोडलेल्या हाडाला देतो तसा आधार देऊन, स्थिर ठेवावा. जखम कापू नये, चोखू नये, दोरीने करकचून आवळू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि मिळेल त्या वाहनाने शासकीय रुग्णालय गाठावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही विषांवर एकच प्रतिविष उपलब्ध आहे. ते घोड्याच्या रक्तातून तयार होते : घोड्याला विषाची अल्प मात्रा टप्प्याटप्प्याने दिली जाते, त्याच्या रक्तात विषविरोधी द्रव्ये निर्माण होतात आणि ती शुद्ध करून माणसाला देतात. एका सस्तन प्राण्याची प्रतिकारशक्ती दुसऱ्याला तारते. मांत्रिकाकडे असे काही नसते. सर्पदंश झालेल्यास वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे. पालकांनी कारखान्याला जाण्यापूर्वी एवढे लक्षात ठेवावे : जमेल तर खाट किंवा बाज, जमिनीवर झोपावे लागले तर चहूबाजूंनी अंथरुणाखाली खोचलेली मच्छरदाणी आणि रात्री बाहेर पडताना हातात विजेरी.

सापाला दूध पाजण्याची प्रथाही लक्षणाच्या कसोटीवर तपासावी. दूध ही सस्तन प्राण्यांची खूण आहे. सरीसृपाचे ते अन्न नव्हे. सापाला बाहेरचा कान नाही. गारुड्यासमोर तो डोलतो तो पुंगीच्या हालचालीमुळे. दोन तोंडांचा म्हणून मांडूळ पकडून लाखोंना विकण्याचे उद्योग चालतात. मांडुळाला तोंड एकच असते. आखूड, बोथट शेपटी तोंडासारखी दिसते, इतकेच.

पक्षी

पाटोदा तालुक्यातील नायगाव मयूर अभयारण्य आपल्या जिल्ह्याचे भूषण आहे. मोर १९६३ पासून आपला राष्ट्रीय पक्षी आहे. पक्ष्याचे अचूक लक्षण कोणते, असे विचारल्यास मुले 'उडणे' असे उत्तर देतात. ते चूक आहे. शहामृग उडत नाही, तरी तो पक्षी आहे. वटवाघूळ उडते, तरी ते पक्षी नाही. पक्ष्याचे खरे लक्षण म्हणजे पिसे. आज जिवंत असलेल्या प्राण्यांत पिसे पक्ष्यांखेरीज कोणालाही नाहीत. त्याशिवाय पुढच्या अवयवांचे पंख, दातविरहित चोच, पायांवर खवले, पोकळ आणि हलकी हाडे, फुप्फुसांना जोडलेल्या वायुपिशव्या, चार कप्प्यांचे हृदय आणि टणक कवचाची अंडी ही त्यांची वैशिष्ट्ये. पक्षी उष्णरक्ती असतात. बाहेर थंडी असो की ऊन, त्यांच्या शरीराचे तापमान स्थिर राहते.

मोराचा पिसारा ही त्याची शेपटी नव्हे. शेपटीच्या वरच्या बाजूची लांबलेली पिसे म्हणजे पिसारा. घुबड अशुभ मानले जाते, परंतु त्याचे मुख्य अन्न उंदीर आहे. ज्या शेतकऱ्याच्या शिवारात घुबड आहे, त्याचे धान्य राखणारा एक रात्रपाळीचा राखणदारच तेथे आहे, असे समजावे.

सस्तन

पिलांना दूध पाजणाऱ्या ग्रंथी हे सस्तन प्राण्यांचे प्रमुख लक्षण. त्यावरूनच वर्गाचे नाव पडले. अंगावर केस, बहुतेकांना बाहेरचा कान, निरनिराळ्या कामांसाठी निरनिराळे दात, छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासपटल, चार कप्प्यांचे हृदय आणि उष्णरक्तीपणा ही इतर लक्षणे. बहुतेक सस्तन प्राणी पिलांना जन्म देतात. ऑस्ट्रेलियातील प्लॅटिपस मात्र अंडी घालतो आणि तरीही पिलांना दूध पाजतो, म्हणून तो सस्तनच. वटवाघळाच्या अंगावर केस आहेत, त्याला कान आहेत, ते दूध पाजते. म्हणून तेही सस्तन. खवल्या मांजराचे खवले आपल्या नखांच्याच द्रव्याचे असतात आणि ते पिलाला दूध पाजते. त्याचाही निकाल लागला.

मानेतील मणके मोजले तर जिराफ, उंदीर आणि माणूस या तिघांतही सातच भरतात. माणसाचा हात, मांजराचा पुढचा पाय आणि वटवाघळाचा पंख यांच्या आत हाडांची मांडणी एकाच क्रमाची आहे : वर एक हाड, खाली दोन, मग मनगट आणि बोटे. कामे निराळी झाली, म्हणून आकार निराळे झाले. मूळ एक आहे.

ओळखण्याची रीत

अपरिचित प्राणी दिसला तर मुलांनी क्रमाने विचारावे. कणा आहे काय? नसल्यास तो या कुळातला नाही. पिसे आहेत काय? असल्यास पक्षी. केस आहेत आणि मादी दूध पाजते काय? असल्यास सस्तन. त्वचा कोरडी, खवल्यांची आणि श्वसन आयुष्यभर फुप्फुसांनी आहे काय? असल्यास सरीसृप. त्वचा ओलसर, खवल्यांवाचून आणि बालपण बहुधा पाण्यात आहे काय? असल्यास उभयचर. पर आणि कल्ले आहेत काय? असल्यास मत्स्य. प्राणी राहतो कोठे, खातो काय, दिसतो कसा, हे प्रश्न नंतरचे.

ही रीत सहज सापडलेली नाही. स्वीडनचे निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनियस यांनी १७३५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या वर्गीकरणात देवमाशाला माशांतच बसविले होते. १७५८ च्या दहाव्या आवृत्तीत त्यांनी त्याला सस्तन वर्गात आणले, कारण पाण्यात राहणे यापेक्षा दूध पाजणे हे लक्षण अधिक खोलवरचे आहे, हे त्यांनी मान्य केले. पुरावा पुढे आला की वर्गीकरण बदलते. पक्षी हे सरीसृपांच्याच एका प्राचीन शाखेतून आले, हे आज मान्य झाले आहे. पिसे आणि दात दोन्ही असलेल्या आर्किओप्टेरिक्सचा सांगाडा १८६१ मध्ये जर्मनीत उजेडात आला, तेव्हापासून या विचाराला बळ मिळाले.

आणि माणूस?

वर्गीकरणाचा पाठ झाला की वर्गातून एक प्रश्न हमखास येतो : प्राण्यांत जाती आहेत, तशाच माणसांतही आहेत, तर मग जात नैसर्गिकच नव्हे काय? आपल्या भाषेने 'जात' हा एकच शब्द दोन्हीकडे वापरून हा घोटाळा पक्का केला आहे. येथे इतिहासाच्या शिक्षकाला उठावे लागते.

हा प्रश्न अडीच हजार वर्षांपूर्वी तथागतांपुढे आला होता. 'वासेट्ठ सुत्त' हे सुत्तनिपातात आहे आणि मज्झिमनिकायातही आहे. वासेट्ठ आणि भारद्वाज या दोन ब्राह्मण तरुणांत वाद होतो. भारद्वाज म्हणतो, मनुष्य जन्माने श्रेष्ठ ठरतो. वासेट्ठ म्हणतो, आचरणाने. निवाडा मागण्यासाठी ते बुद्धांकडे येतात. बुद्ध उपदेशाला सुरुवात करतात ती थेट निसर्गाच्या वर्गीकरणापासून. वनस्पती, किडे-पतंग, चतुष्पाद, सरपटणारे, जलचर आणि पक्षी असा एकेक गट घेऊन ते दाखवितात की यांच्यात जन्मसिद्ध, देहावर दिसणारी वेगवेगळी चिन्हे आहेत. मग ते माणसाकडे वळतात, केसांपासून पायांपर्यंत एकेक अवयव घेतात आणि सांगतात की माणसामाणसांत असे वेगळी जात दाखविणारे चिन्ह कोठेही सापडत नाही. माणसांतील भेद हा ठेवलेल्या नावांचा आहे. शेती करतो तो शेतकरी, व्यापार करतो तो व्यापारी. लक्षण तपासूनच भेद मानावा, ही आजच्या विज्ञानाची कसोटी त्या उपदेशात स्पष्ट दिसते.

लिनियससारखा थोर शास्त्रज्ञ मात्र येथे घसरला. ज्या १७५८ च्या ग्रंथात त्यांनी देवमाशाला न्याय दिला, त्याच ग्रंथात त्यांनी माणसाचे खंडांनुसार आणि रंगांनुसार चार प्रकार करून त्यांना स्वभावगुण चिकटविले. युरोपीय तेवढा कल्पक, इतर आळशी किंवा लोभी, हे लक्षण कोणत्याही हाडात दिसत नाही. तो पूर्वग्रह होता. हेच पुढे भारतात झाले. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी नाकांची मापे घेऊन, नाक जितके रुंद तितकी जात खालची, असा सिद्धान्त मांडला. बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात नासिकेच्या मापांचीच आकडेवारी घेऊन दाखविले की त्या मापांनी ब्राह्मण आणि अस्पृश्य हे भिन्न वंशांचे ठरत नाहीत. ज्या शस्त्राने आपणांस हीन ठरवायचे होते, तेच शस्त्र त्यांनी पुराव्याच्या बळावर निकामी केले.

त्याआधी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या 'कास्ट्स इन इंडिया' या निबंधात, वयाच्या पंचविशीत, त्यांनी जातीचे मर्म सांगितले होते : जातीचा आधार म्हणजे जातीतल्या जातीतच विवाह करण्याचे बंधन. हे विधान जीवशास्त्राच्या शेजारी ठेवून पाहावे. ज्यांच्या मीलनातून प्रजननक्षम संतती होते, ते सामान्यतः एका प्रजातीचे, असे जीवशास्त्र मानते. घोडा आणि गाढव यांचे खेचर होते, पण खेचराला सहसा संतती होत नाही. तेथे निसर्गानेच सीमा आखली आहे. पृथ्वीवरील कोणत्याही दोन मानवसमूहांत अशी सीमा नाही. बेडकाने माशाशी विवाह करू नये म्हणून कोणाला स्मृती लिहावी लागली नाही, पंचायत बसवावी लागली नाही, कोणाला वाळीत टाकावे लागले नाही. निसर्गातल्या भेदाला पहारा लागत नाही. ज्या भेदासाठी दिवसरात्र पहारा ठेवावा लागतो, तो भेद माणसाने केलेला असतो. आणि माणसाने केलेले माणसाला मोडता येते.

कार्ल लँडस्टायनर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी रक्तगट शोधले. ए, बी, एबी आणि ओ हे चारही गट सर्व जातिधर्मांच्या लोकांत सापडतात. बाटलीत रक्त हवे असते तेव्हा कोणी दात्याची जात विचारीत नाही, गट विचारतात. २००३ मध्ये पूर्ण झालेल्या मानवी जनुकसंच प्रकल्पानेही कोणत्याही दोन माणसांची जनुकीय रचना सुमारे ९९.९ टक्के सारखी असल्याचे दाखविले.

आपले कर्तव्य

सर्व माणसे समान आहेत हे मानणे आणि प्राणिमात्रांविषयी दयाभाव बाळगणे, या दोन्ही गोष्टी बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत आहेत. त्यांचा परस्परसंबंध वरील विवेचनावरून ध्यानी यावा. कण्याच्या माळेने आपण बिंदुसरेतल्या मरळीशी, बांधावरच्या सरड्याशी आणि नायगावच्या मोराशी जोडलेले आहोत. म्हणून त्यांच्याविषयी करुणा. माणूस म्हणून आपल्यात वेगळेपणाचे एकही जन्मचिन्ह नाही, म्हणून समता. करुणा आणि समता या दोहोंचा पाया प्रज्ञेवर, म्हणजे तपासून पाहण्यावर उभा आहे.

माजी विद्यार्थ्यांना आमचे सांगणे आहे की, सुटीत गावी याल तेव्हा लहान भावंडांना शिवारात घेऊन जा. बेडूक आणि सरडा शेजारी शेजारी दाखवा आणि भेद त्यांनाच शोधू द्या. पालकांना विनंती आहे की, मुलाने 'कशावरून?' असे विचारल्यास त्याला उद्धट म्हणू नका. उत्तर ठाऊक नसेल तर त्याच्यासह शोधा. आपल्या मागच्या पिढ्यांना 'कशावरून?' हा प्रश्न विचारण्याची मुभा नव्हती. १९५० मध्ये औरंगाबादला बाबासाहेबांनी सुरू केलेल्या महाविद्यालयाने मराठवाड्यातील आपल्या मुलांसाठी त्या प्रश्नाचे दार उघडले. त्याचे 'मिलिंद' हे नावच मुळी प्रश्न विचारणाऱ्या राजाचे आहे. राजा मिलिंदाने प्रश्न विचारले, भिक्खू नागसेनाने उत्तरे दिली, आणि विचारणाऱ्याचा मान त्याने कमी झाला नाही. आपल्या शाळेतील प्रत्येक मुलाच्या हाती हाच वारसा सुखरूप पोहोचो.

जय भीम!